बाराशे पौंडांची सुनावणी

मालकाविरुद्ध दाद मागण्यासाठी कामगाराने शुल्क भरावे की नाही, हा प्रश्न ब्रिटनमध्ये गेल्या पंधरा वर्षांत तीनदा सरकारी पातळीवर चर्चेला आला. पहिल्या वेळी, म्हणजे २०१३ मध्ये, शुल्क प्रत्यक्षात लागू झाले आणि चार वर्षे वसूलही झाले. दुसऱ्या वेळी, २०२४ च्या आरंभी, नव्या आणि पुष्कळ कमी शुल्काचा प्रस्ताव मांडला गेला, तो त्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मागे पडला. तिसऱ्या वेळी, २०२५ मध्ये, सरकार पुन्हा तसा विचार करीत असल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरात न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी रोजगार न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी कामगारांना पैसे मोजावे लागणार नाहीत असे जाहीर केल्यावर त्या शमल्या. या तिन्ही वेळी वाद झाला तो प्रामुख्याने रकमेवर. शुल्क जास्त आहे की माफक, गरिबांना त्यात सूट आहे की नाही, एवढ्यावरच बहुतेकांचे बोलणे संपले. २०१४ मध्ये ते शुल्क मी स्वतः भरले असल्यामुळे मला त्या चर्चेत एक गोष्ट सतत निसटताना दिसते. शुल्क किती आहे याच्याइतकेच ते कोणत्या टप्प्यावर मागितले जाते, आणि ते भरले जाते की नाही याची वाट कोण पाहत बसते, हेही महत्त्वाचे असते. माझ्या प्रकरणात नेमके काय घडले ते म्हणूनच क्रमाने लिहून ठेवत आहे.

आधी त्या काळची व्यवस्था सांगते. या न्यायाधिकरणांचा उगम १९६० च्या दशकातला. साध्या माणसाला वकिलाशिवाय, फारसा खर्च न करता मालकाविरुद्ध दाद मागता यावी ही त्यांच्यामागची कल्पना होती आणि २०१३ पर्यंत तिथे दावा लावण्यास एक पेनीही पडत नसे. डिसेंबर २०११ मध्ये न्याय मंत्रालयाने शुल्काचा प्रस्ताव मांडला. ख्रिस ग्रेलिंग लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायमंत्री, असताना, २९ जुलै २०१३ पासून, तो अमलात आला. दाव्यांचे दोन प्रकार करण्यात आले. थकलेले वेतन, सुट्टीचा पगार, नोकरकपातीची भरपाई असे तुलनेने सरळ मानलेले दावे 'अ' प्रकारात होते. त्यांना दावा दाखल करताना १६० पौंड आणि सुनावणीपूर्वी २३० पौंड, असे एकूण ३९० पौंड पडत. अन्यायाने नोकरीवरून काढणे, भेदभाव, समान वेतन हे दावे 'ब' प्रकारात. त्यांना दाखल करताना २५० आणि सुनावणीपूर्वी ९५०, असे एकूण १,२०० पौंड लागत. निकालाविरुद्ध अपील करायचे झाल्यास आणखी १,६०० पौंड. ऑक्टोबर २०१३ पासूनचे किमान वेतन तासाला ६ पौंड ३१ पेन्स होते हे लक्षात घेतले, तर १,२०० पौंड म्हणजे त्या दराने काम करणाऱ्याची सुमारे १९० तासांची, म्हणजे महिन्याभराहून अधिक काळाची संपूर्ण कमाई होती.

मी वायव्य लंडनमधल्या एका लहानशा घाऊक अन्नपदार्थ विकणाऱ्या कंपनीत हिशेब विभागात २०१० पासून काम करीत होते. कंपनीचे नाव येथे देत नाही. ते देण्याची मला मुभाही नाही, त्याचे कारण पुढे येईलच. २०१४ च्या उन्हाळ्यात मला बोलावून सांगण्यात आले की विक्री घटल्यामुळे माझे पद रद्द होत आहे. कपात करायची झाली तर मालकाने आधी सल्लामसलत करावी, कोणाला काढायचे याचे निकष सांगावेत, दुसरे काम देता येते का ते पाहावे, अशी इथल्या कायद्याची अपेक्षा असते. माझ्या बाबतीत एक बैठक झाली आणि त्याच बैठकीत पत्र हातात पडले. महिना उलटण्याच्या आत, माझेच काम थोड्या वेगळ्या पदनामाने करण्यासाठी माणूस हवा असल्याची जाहिरात एका संकेतस्थळावर दिसली. पद खरोखरच रद्द झाले असते तर जाहिरातीची गरज नव्हती. शेवटच्या वर्षातल्या सुट्टीच्या पगाराचा हिशेबही मला चुकीचा वाटत होता, आणि हिशेब हेच माझे काम असल्यामुळे त्यातली तफावत कुठे आहे हे मला कागदावर दाखवता येत होते.

अन्यायकारक बडतर्फीचा दावा करण्यासाठी एप्रिल २०१२ पूर्वी लागलेल्यांना सलग एका वर्षाची आणि नंतर लागलेल्यांना दोन वर्षांची नोकरी लागे. माझी चार वर्षे झाली होती, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नव्हता. प्रश्न मुदतीचा होता. नोकरी संपल्यापासून तीन महिन्यांत एक दिवस कमी, एवढ्यातच पाऊल उचलावे लागते. मे २०१४ पासून आणखी एक पायरी सक्तीची झाली होती. न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी एकॅस या सार्वजनिक समेट संस्थेला कळवायचे, तिने दोन्ही पक्षांना तडजोडीची संधी द्यायची, आणि जमले नाही तर तिचे प्रमाणपत्र घेऊन मगच दावा लावायचा. या पायरीची माहिती मला डॉलिस हिल इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात भेटलेल्या ताईंकडून मिळाली. त्या एका नगरपालिकेच्या मनुष्यबळ विभागात काम करीत होत्या. मुदतीचे कलम त्यांनी मला दोनदा समजावून सांगितले. बाकी काही केले नाहीस तरी चालेल, पण तारीख चुकवू नकोस, असे त्या म्हणाल्या, आणि तो सल्ला मी आजही इतरांना जसाच्या तसा देते.

एकॅसची सेवा मोफत होती आणि आजही आहे. माझ्याशी फोनवर बोलणारे समेट अधिकारी अत्यंत नेमके बोलत. ते कोणाची बाजू घेत नसत आणि दाव्यात दम आहे की नाही यावर मत देत नसत. त्यांनी मालकाशी संपर्क साधला. उत्तर आले की कंपनीला या टप्प्यावर चर्चेत रस नाही. 'या टप्प्यावर' हे शब्द तेव्हा मला निव्वळ शिष्टाचाराचे वाटले. त्यांचा अर्थ लागायला मला काही महिने जावे लागले.

प्रमाणपत्र आल्यावर मी ऑनलाइन अर्ज भरला. तो अर्ज मुळात अवघड नाही. कोणी काढले, केव्हा काढले, कारण काय सांगितले, तुमचे म्हणणे काय, भरपाई हवी की नोकरी परत हवी, असे प्रश्न त्यात असतात. घटनाक्रम लिहायला मी भरपूर वेळ घेतला, कारण पुढे सगळे त्याच निवेदनावर तोलले जाते हे मी वाचले होते. अर्ज पूर्ण झाल्यावर शेवटी पैसे भरण्याचे पान आले. २५० पौंड भरा, नाहीतर शुल्कमाफीचा अर्ज जोडा. या दोहोंपैकी काहीच केले नाही तर दावा स्वीकारलाच जात नसे.

शुल्कमाफी कागदावर उदार दिसे. तिचे दोन निकष होते, बचत आणि उत्पन्न. बचतीचा निकष असा होता की १,००० पौंडांपर्यंतच्या शुल्कासाठी तुमच्याकडे ३,००० पौंड किंवा त्याहून अधिक शिल्लक असेल, तर उत्पन्न शून्य असले तरी माफी नाही. आणि ही शिल्लक एकट्या दावेदाराची नव्हे, पती-पत्नी दोघांची मिळून धरली जाई. आम्ही सांगलीला वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी पाठवायचे म्हणून पैसे बाजूला ठेवले होते, आणि ते या मर्यादेच्या थोडे वर होते. ते कशासाठी आहेत हे विचारणारा रकाना त्या अर्जात नव्हता. माझी नोकरी गेलेली, घरात एकच पगार, तरीही नियमाप्रमाणे आम्ही शुल्क भरण्यास समर्थ ठरलो. २५० पौंड मी भरले. ते गेले याचे दुःख झाले, पण तेवढ्याने आमचे घर अडले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

माझ्याबरोबरच कंपनीच्या गोदामातल्या एका सहकाऱ्याचाही सुट्टीचा पगार थकला होता. रक्कम साधारण तीनशे पौंड. त्याच्या दाव्याला दोन्ही टप्प्यांचे मिळून ३९० पौंड लागणार होते. तो आणि त्याची पत्नी दोघेही किमान वेतनाच्या आसपास कमावणारे होते. मूल नसलेल्या जोडप्याला पूर्ण माफी मिळण्याची मर्यादा महिन्याला १,२४५ पौंड होती, आणि ती कर कापण्यापूर्वीच्या उत्पन्नावर लावली जाई. दोघांचा पगार मिळून ते तिच्या इतके वर जात होते की त्यांना अंशतःही सवलत मिळत नव्हती. जिंकल्यास मालकाने शुल्क परत द्यावे असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकत होते, हे मी त्याला सांगितले. त्यावर त्याने विचारले की आदेश झाला म्हणजे पैसे येतातच का. या प्रश्नाचे उत्तर सरकारच्याच २०१३ च्या एका पाहणीत होते. जिंकलेल्या दावेदारांपैकी ४९ टक्क्यांना पूर्ण रक्कम मिळाली होती, १६ टक्क्यांना काही भाग, आणि ३५ टक्क्यांना काहीच नाही. तीनशे मिळवण्यासाठी ३९० आधी गुंतवायचे आणि वसुलीची खात्री निम्मीच, हा व्यवहार त्याने एका मिनिटात नाकारला, आणि माझ्या मते योग्य कारणाने नाकारला. तो पगार त्याला कधीच मिळाला नाही.

गावाकडे भावाला हे फोनवर सांगितले तेव्हा तो चकित झाला. इचलकरंजीला तो ज्या कामगारांमध्ये वावरतो त्यांच्यापैकी काहींची प्रकरणे कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे रखडली आहेत, त्यामुळे तिथल्या व्यवस्थेची भलामण करण्याचा त्याचा हेतू नव्हता. पण दिवाणी दाव्यात लागते तशी मागणीच्या प्रमाणात वाढत जाणारी कोर्ट फी तिथे कामगाराला भरावी लागत नाही, एवढे त्याला ठाऊक होते. तारखा पडतात, पण आत जायचे पैसे पडत नाहीत, असे तो म्हणाला. विलंब आणि शुल्क यांपैकी अधिक वाईट काय यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. तो अनिर्णित राहिला.

दाव्याची प्रत मिळाल्यावर मालकाला उत्तर देण्यास २८ दिवस असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. त्यात सर्व मुद्दे नाकारले होते आणि कंपनीच्या वतीने सॉलिसिटर उभे राहिले होते. वकील करण्याची माझी ऐपत नव्हती. एप्रिल २०१३ पासून अशा दाव्यांसाठी सरकारी कायदेशीर मदत जवळजवळ बंद झाली होती. मी कोणत्या संघटनेची सभासद नव्हते. असते तर कदाचित शुल्कही संघटनेनेच भरले असते. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या एका स्वयंसेविकेने मला कागदपत्रे तारीखवार लावायला, पृष्ठक्रमांक द्यायला आणि नुकसानीचे विवरणपत्र करायला शिकवले. माझ्या हिशेबी सवयीचा तिथे फार उपयोग झाला. नव्या नोकरीत मिळणारा पगार जुन्यापेक्षा किती कमी आहे, निवृत्तिवेतनातील मालकाचा वाटा किती बुडाला, दुसरी नोकरी शोधण्यासाठी काय प्रयत्न केले, हे सगळे पुराव्यासह मांडावे लागते. ते मांडताना मला आपले म्हणणे पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाच्या नजरेने वाचता आले, आणि दोन मुद्दे कमकुवत आहेत हे दिसल्यावर ते मी स्वतःहून गाळले.

मग लंडनजवळच्या वॉटफर्डच्या न्यायाधिकरणाचे पत्र आले. त्यात सुनावणीची तारीख होती, तिच्या आधी कोणते कागद कोणी कोणाला केव्हा द्यायचे याचे आदेश होते, आणि ९५० पौंड कोणत्या दिवसापर्यंत भरावेत ती तारीखही होती. त्या दिवसापर्यंत पैसे न आल्यास दावा फेटाळला जाईल, असे स्पष्ट लिहिले होते. हे पत्र दोन्ही पक्षांना मिळते. म्हणजे मला कोणत्या दिवसापर्यंत ९५० पौंड उभे करायचे आहेत हे माझ्या जुन्या मालकालाही माहीत होते.

त्या पत्रापासून त्या तारखेपर्यंतचा काळ या सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत कठीण गेला, आणि त्यात न्यायाधिकरणाचा काही दोष नव्हता. मी एकॅसमार्फत एक वाजवी आकडा कळवला. उत्तर आले नाही. पुन्हा विचारणा केली तेव्हा कळले की पलीकडून सध्या काही सांगायचे नाही. कागदपत्रांची देवाणघेवाण ठरल्याप्रमाणे होत होती, सॉलिसिटरची पत्रे सभ्य होती, पण तडजोडीचा विषय काढला की शांतता. त्यांच्या बाजूने पाहिले तर हे धोरण अगदी तर्कसंगत होते. दावेदाराने ९५० पौंड भरले नाहीत, तर प्रकरण आपोआप संपते आणि एक पैसाही द्यावा लागत नाही. भरले, तर तडजोड तेव्हाही करता येते. मग आधी बोलून काय मिळणार? कायद्याने कंपनीला असे थांबण्याचे आमिषच ठेवले होते, आणि तिने ते घेतले. तिच्या जागी दुसरी कोणती कंपनी असती तर वेगळी वागली असती असे मला वाटत नाही.

आमच्या घरात त्या रकमेवर जी चर्चा झाली ती दाव्याच्या गुणदोषांवर नव्हती. माझी बाजू खरी आहे याविषयी पतींना शंका नव्हती. त्यांचा प्रश्न एवढाच होता की बुडालेल्या पगारामागे आणखी किती पैसे बुडवायचे. सांगलीला पाठवायच्या रकमेतून ९५० काढले, तर ते परत केव्हा भरून काढायचे हे आम्ही महिन्यांच्या हिशेबाने लिहून पाहिले. वडिलांना यातले काही सांगितले नाही. शेवटी शुल्क भरले ते जिंकण्याच्या खात्रीपेक्षा एवढे पुढे येऊन मागे फिरणे पटेना म्हणून. असा निर्णय आम्ही घेऊ शकलो, कारण घरात एक पगार चालू होता. तो नसता तर माझा दावा गुणवत्तेवर कोणीही न तपासता त्या तारखेला संपला असता, आणि सरकारी आकडेवारीत त्याची नोंद पैसे न भरल्यामुळे फेटाळलेला दावा एवढीच राहिली असती.

पैसे भरल्याची पावती आल्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एकॅसच्या अधिकाऱ्यांचा फोन आला आणि कंपनी बोलायला तयार असल्याचे त्यांनी सांगितले. पहिला आकडा हास्यास्पद होता, दुसरा विचार करण्याजोगा, आणि तिसऱ्यावर आम्ही थांबलो. सीओटी ३ नावाच्या तडजोडपत्रावर सह्या झाल्या. त्यात गोपनीयतेचे कलम असल्यामुळे मी ना आकडा सांगू शकत, ना कंपनीचे नाव. एवढे सांगता येते की भरलेल्या शुल्काचा त्यात वेगळा उल्लेख नव्हता, आणि सुनावणीचे शुल्क एकदा भरल्यावर तडजोड झाली म्हणून परत मिळत नसे. मी १,२०० पौंड भरले आणि वॉटफर्डच्या सुनावणीच्या खोलीत पाऊलही ठेवले नाही. त्या पैशांनी मला न्यायाधीशांचा वेळ मिळाला नाही. त्यांनी फक्त समोरच्याला पटवून दिले की ही बाई मागे हटणार नाही. ही गोष्ट पटवण्याचा खर्च सरकारने कामगाराकडून का घ्यावा, हे मला तेव्हाही कळले नाही.

माझे प्रकरण संपले तरी युनिसन या कामगार संघटनेने शुल्काविरुद्ध लावलेला खटला चालूच होता. २०१४ मध्ये उच्च न्यायालयात दोनदा आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयात ती हरली. त्या बातम्या मी वाचत असे आणि आता हे असेच राहणार असे मी मनाशी धरून चालले होते. २६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने ते शुल्क बेकायदा ठरवले, आणि त्याच दिवसापासून त्याची वसुली थांबली. लॉर्ड रीड यांनी लिहिलेले मुख्य निकालपत्र मी मुळातून वाचले. कायद्याचे शिक्षण नसलेल्या माणसाला ते समजते, हे मला विशेष वाटले. शुल्कानंतर दाव्यांची संख्या ६६ ते ७० टक्क्यांनी घटली आणि घटलेलीच राहिली, हे त्यात आहे. कमी रकमेच्या किंवा पैशांचा प्रश्नच नसलेल्या दाव्यांत कोणताही शहाणा माणूस एवढे शुल्क भरणार नाही, म्हणजे तो हक्क नुसता कागदावर उरतो, हे माझ्या गोदामातल्या सहकाऱ्याचे गणितही त्यात आहे. माफीचे निकष पाळूनही किमान वेतनावरच्या कुटुंबाला हे शुल्क भरण्यासाठी जीवनमान राखायला लागणारा खर्च तोडावा लागतो, हे न्यायालयाने आकडे मांडून दाखवले. निःसत्त्व दावे रोखले जातील हे शुल्काचे एक समर्थन होते. प्रत्यक्षात शुल्कानंतर यशस्वी दाव्यांचे प्रमाण वाढण्याऐवजी कमीच राहिले होते. आणि तडजोडींना चालना मिळेल या समर्थनाबद्दल त्या निकालपत्रात जे लिहिले आहे ते वाचताना मी थबकले. कामगार शुल्क भरतो का ते पाहण्यासाठी काही मालक बोलणी लांबवत होते, अशी नोंद तिथे होती. माझ्या घरात घडले ते केवळ माझे नशीब नव्हते, हे मला त्या ओळींतून समजले.

निकालपत्रात मॅग्ना कार्टा या जुन्या इंग्रजी सनदेचाही दाखला आहे. आम्ही कोणालाही न्याय विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही, हे १२१५ चे वचन. इंग्रजांना आपल्या जुन्या कागदांचे फार कौतुक असते आणि एरवी मला त्याचा थोडा कंटाळा येतो. त्या दिवशी आला नाही.

परताव्याची योजना नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. अर्ज साधा होता. प्रकरण क्रमांक, भरलेल्या रकमा, आणि ते शुल्क दुसऱ्या कोणाकडून परत मिळालेले नाही असे प्रतिज्ञापन. मी सगळे कागद जपून ठेवले होते. १,२०० पौंड अर्ध्या टक्क्याच्या व्याजासह माझ्या खात्यात जमा झाले. पैसे न भरल्यामुळे ज्यांचे दावे नाकारले किंवा फेटाळले गेले होते, त्यांना ते पुन्हा उभे करून घेण्याची सोयही झाली. परंतु ज्यांनी शुल्काच्या धाकाने अर्जच केला नाही, त्यांच्यासाठी या योजनेत काही असणे शक्य नव्हते, कारण त्यांनी काही भरलेच नव्हते. मी त्या सहकाऱ्याला फोन केला. तो तोपर्यंत लेस्टरला गेला होता. मुदत उलटून तीन वर्षे झाल्यावर तीनशे पौंडांसाठी उशीर माफ करा म्हणून न्यायाधिकरणाला विनवण्यात त्याला काही अर्थ वाटला नाही.

या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२४ मध्ये नवा प्रस्ताव आला तेव्हा मी तो बारकाईने वाचला. ५५ पौंड, एकदाच, दावा दाखल करताना. सुनावणीचे वेगळे शुल्क नाही, दावेदार अनेक असले तरी शुल्क एकच, आणि माफीची सोय कायम. २०१३ च्या चुकांमधून सरकार काही शिकले होते हे मान्य करायला हवे. दुसरा हप्ताच नसल्यामुळे मालकाला थांबून बसण्याचे ते जुने निमित्त उरत नव्हते. करदात्यांच्या पैशांवर चालणाऱ्या व्यवस्थेचा वापर करणाऱ्यांनी थोडा वाटा उचलावा, हा युक्तिवादही मला निर्बुद्ध वाटत नाही. दिवाणी न्यायालयात आपण तो उचलतोच. पण सरकारच्याच अंदाजाप्रमाणे या शुल्कातून वर्षाला १३ ते १७ लाख पौंड येणार होते, आणि व्यवस्थेचा २०२२-२३ मधला खर्च सुमारे ८ कोटी पौंड होता. एवढ्या थोड्या भरपाईसाठी ज्याचा पगार नुकताच थांबला आहे त्याच्यापुढे पैसे भरण्याचे पान पुन्हा उभे करावे, हे मला पटले नाही. एप्रिल २०२४ पासूनच्या किमान वेतनाने ५५ पौंड म्हणजे जवळजवळ पाच तासांचे काम. दोन दिवसांचा पगार बुडालेला माणूस ते भरण्यापूर्वी विचार करील, आणि मालकही तो विचार करील हे जाणून असेल.

या प्रस्तावावर लोकांनी सूचना पाठवण्याची मुदत मार्च अखेरीस संपण्यापूर्वी मी माझी सूचना पाठवली. तिच्यात भावनेचे काही लिहिले नाही. माझ्या दोन्ही हप्त्यांच्या तारखा, मालकाच्या उत्तरांच्या तारखा आणि त्याच्याकडून तडजोडीचा पहिला प्रस्ताव आल्याची तारीख, असे तीन स्तंभ केले आणि खाली एकच मागणी लिहिली. शुल्क लावायचेच असेल तर ते प्रकरणाच्या शेवटी, हरणाऱ्या पक्षाकडून, आणि मालक हरल्यास मालकाकडून घ्यावे. त्या मागणीवर कोणी विचार केला का, हे विचारण्याची वेळच आली नाही, कारण जुलैत सरकार बदलले.

आज न्यायाधिकरणाकडे जाणे मोफत आहे. सुनावणीसाठी मात्र फार थांबावे लागते, आणि विलंब वाईट की शुल्क या भावाशी झालेल्या जुन्या वादात आता विलंबाचे पारडे थोडे जड झाले आहे. एकॅसची पायरी अजूनही सक्तीची असून तिचा कालावधी डिसेंबर २०२५ पासून बारा आठवडे झाला आहे. दावा लावण्याची मुदत तीन महिन्यांवरून सहा महिने करण्याची तरतूद २०२५ च्या नव्या रोजगार हक्क कायद्यात आहे. ती लागू होईपर्यंत तीन महिन्यांत एक दिवस कमी हाच हिशेब धरून चालावे. ज्यांच्या घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचे संरक्षण आहे त्यांनी ते कलम आधी काढून वाचावे, बहुतेकांना ते आपल्याकडे आहे हेच माहीत नसते. आणि एकॅसमार्फत मालकाकडून 'या टप्प्यावर रस नाही' असे उत्तर आले, तर पुढच्या टप्प्याची तयारी त्याच दिवशी सुरू करावी.